गोव्यात पीएचडी: प्रश्न ठरवण्यापासून विद्यापीठातील पदापर्यंत

एमए किंवा एमएस्सीचा निकाल लागला की पुढे पीएचडी करावी असा विचार गोव्यातील अनेक विद्यार्थ्यांच्या मनात येतो आणि पहिली चौकशी होते ती प्रवेश परीक्षेची. माझी पीएचडी पूर्ण झाल्यावर ज्या मुलामुलींना मी अर्ज भरायला मदत केली, त्यांचीही सुरुवात तिथूनच होत असे. प्रत्यक्षात परीक्षेमुळे संशोधन अडल्याची उदाहरणे मी फार थोडी पाहिली. ते अडते प्रश्न धूसर राहिल्यामुळे, मार्गदर्शकाची पुरेशी माहिती न घेता नोंदणी केल्यामुळे किंवा तिसऱ्या वर्षी पैसे संपल्यामुळे. या तिन्ही गोष्टींची तयारी परीक्षेच्या अर्जाआधी करता येते, म्हणून खालील टप्प्यांचा क्रम मी मुद्दाम तसा ठेवला आहे.

देशातील सर्व विद्यापीठांना लागू असलेली चौकट म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) 7 नोव्हेंबर 2022 रोजी अधिसूचित झालेले पीएचडी विनियम. पात्रता, कोर्सवर्क (नोंदणीनंतरचा सक्तीचा अभ्यासक्रम) आणि कालावधी यांबाबत खाली दिलेली टक्केवारी, वर्षे आणि श्रेयांक (क्रेडिट्स) त्या विनियमांतील आहेत. प्रत्येक विद्यापीठ या चौकटीत स्वतःचा अध्यादेश करते, त्यामुळे अर्ज करताना त्या वर्षीचे माहितीपत्रक शब्दशः वाचावे.

1. विषय नव्हे, प्रश्न लिहून काढा

‘मला खारफुटीवर काम करायचे आहे’ किंवा ‘मला गोव्यातील मराठी नाटकावर पीएचडी करायची आहे’ हे क्षेत्र झाले. त्यातून काय शोधायचे आहे, हे अजून सांगितलेले नाही. मांडवीच्या काठावरील खारफुटीत एखाद्या धातूचे प्रमाण पावसाळ्याआधी आणि नंतर कसे बदलते, किंवा देवळांच्या उत्सवांतील हौशी रंगभूमीने नाट्यसंहितांची निवड कोणत्या कारणांनी बदलली, असा प्रश्न एका वाक्यात लिहिता आला की पुढचे बरेच काम सोपे होते. त्या वाक्यावरूनच कोणती सामग्री लागेल, कोणते तंत्र शिकावे लागेल आणि कोणता मार्गदर्शक योग्य ठरेल, हे ठरते.

प्रश्न पक्का करण्याआधी इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात जरूर शोध घ्यावा. देशभरातील विद्यापीठांचे स्वीकृत प्रबंध तिथे विनामूल्य वाचता येतात आणि ‘शोधगंगोत्री’त चालू संशोधनाचे आराखडेही मिळतात. मराठीतील प्रबंध शोधताना शीर्षक देवनागरीत आणि रोमन लिपीत, असे दोन्ही प्रकारे टंकून पाहावे, कारण नोंदी एकसारख्या केलेल्या नसतात. आपल्याच विषयावर कुणी काम केलेले आढळले तर खचून जाऊ नये. त्या प्रबंधाचे शेवटचे प्रकरण वाचावे. लेखकाने कोणते काम बाकी ठेवले आहे, हे बहुधा तिथेच सापडते.

2. गोव्यात संशोधन कुठे चालते, ते नीट समजून घ्या

ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठ 1985 साली सुरू झाले. त्याआधी पणजीत मुंबई विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र होते. मराठी, कोकणी आणि पोर्तुगीजपासून सागरी विज्ञानापर्यंतच्या विषयांत येथे पीएचडी करता येते. विद्यापीठाशी संलग्न असलेल्या काही महाविद्यालयांतही मान्यताप्राप्त संशोधन केंद्रे आहेत, हे अनेकांना माहीत नसते. मडगाव किंवा म्हापसा भागात राहणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या उमेदवाराने ही शक्यता आधी तपासावी.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी गोवा आकाराच्या मानाने फारच समृद्ध आहे. दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था 1966 पासून कार्यरत आहे. वास्को येथील सड्यावरचे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र अंटार्क्टिकावरील ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही स्थानके चालवते. जुने गोवे येथील एला गावात भारतीय कृषी संशोधन परिषदेची केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे. खाजन शेती (खाडीकाठी बांध घालून केलेली शेती), नारळ, काजू किंवा किनारी मत्स्यपालन अशा विषयांत रस असलेल्यांनी तिथल्या शास्त्रज्ञांचे काम पाहिल्याशिवाय अन्यत्र अर्ज करू नये.

येथे एक गोंधळ हमखास होतो. ज्या संस्थेत तुम्ही रोज काम करणार आणि जी संस्था पदवी देणार, त्या वेगळ्या असू शकतात. समुद्रविज्ञान संस्थेत काम करणारे संशोधक गोवा विद्यापीठात किंवा ‘अ‍ॅकसीर’ या वैज्ञानिक व नवोन्मेषी संशोधन अकादमीत नोंदणी करतात. दोन्हीकडील प्रवेशाचे वेळापत्रक आणि अभ्यासक्रमाचे नियम वेगळे आहेत. संस्थेत जागा मिळाली म्हणजे पीएचडीला प्रवेश मिळाला असे समजून बसलेले उमेदवार मी पाहिले आहेत. रुजू होण्याआधीच ‘माझी नोंदणी कोणत्या विद्यापीठात आणि कोणत्या महिन्यात होईल?’ हे लेखी विचारून घ्यावे.

अभियांत्रिकी आणि मूलभूत विज्ञानासाठी फर्मागुडीला आयआयटी गोवा, कुंकळ्ळीला एनआयटी गोवा आणि झुआरीनगरला बिट्स पिलानीचे गोवा संकुल आहे. व्यवस्थापनशास्त्रासाठी साखळीच्या गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचा डॉक्टरेट स्तरावरील कार्यक्रम पाहावा.

इतिहास, भाषा आणि समाजशास्त्राच्या संशोधकासाठी प्रयोगशाळा म्हणजे दप्तरखाना. पणजीच्या पुराभिलेख खात्यात सोळाव्या शतकापासूनचे पोर्तुगीज दस्तऐवज आहेत, मोडी कागदपत्रेही आहेत. पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची स्थापना 1832 सालची असून जुनी गोमंतकीय नियतकालिके पाहण्यासाठी तिथे जावेच लागते. पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राचाही उपयोग होतो. मात्र गोव्याच्या गावकऱ्या (गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्था), देवस्थाने किंवा जमीनव्यवहार यांवर काम करायचे असेल, तर पोर्तुगीज वाचता आल्याशिवाय मूळ साधनांपर्यंत पोहोचता येत नाही, आणि मोडी तर सरावाशिवाय लागतच नाही. या दोन्ही गोष्टींची सुरुवात नोंदणीनंतर करावी असा सल्ला काही जण देतात. मला तो पटत नाही. एमएच्या दुसऱ्या वर्षापासून आठवड्यातले काही तास या सरावाला दिले, तर नोंदणीच्या दिवशी तुम्ही कागद हातात घेऊन वाचू शकता, आणि पहिले वर्ष लिपी ओळखण्यात खर्ची पडत नाही.

3. पात्रता आणि परीक्षा

तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी किमान 55 टक्के गुणांनी उत्तीर्ण असणे ही सर्वसाधारण अट आहे. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट पीएचडीही करता येते, पण त्यासाठी 75 टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, नॉन-क्रीमी लेअरमधील इतर मागासवर्गीय, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील उमेदवारांना दोन्ही ठिकाणी 5 टक्के सवलत आहे.

परीक्षांच्या बाबतीत आपल्या विद्याशाखेचा मार्ग ओळखावा. भाषा, सामाजिक शास्त्रे, वाणिज्य यांसाठी यूजीसी-नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा), जीवशास्त्र, रसायन, भौतिक, गणित आणि पृथ्वी-सागर-वातावरण विज्ञानांसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट (सीएसआयआर म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद), अभियांत्रिकीसाठी गेट ही अभियांत्रिकी पदवीधरांची परीक्षा. यूजीसी-नेटमध्ये चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, सीएसआयआरमध्ये कापले जातात. म्हणून दोन्हींची तयारी एकाच पद्धतीने करून चालत नाही. 2024-25 पासून नेटचा निकाल तीन प्रकारांत लागतो: कनिष्ठ संशोधन फेलोशिपसह (जेआरएफ) साहाय्यक प्राध्यापक आणि पीएचडी प्रवेश, साहाय्यक प्राध्यापक व पीएचडी प्रवेश, आणि केवळ पीएचडी प्रवेश. शेवटच्या दोन प्रकारांत नेटच्या गुणांना 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के भार असतो आणि हे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष ग्राह्य धरले जातात. त्यामुळे नेट दिल्यावर ‘पुढच्या वर्षी बघू’ असे म्हणणे महागात पडते.

जी विद्यापीठे स्वतःची प्रवेश परीक्षा घेतात, तिथे विनियमांनुसार निम्मे प्रश्न संशोधनपद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. विषयात हुशार असलेले विद्यार्थी संशोधनपद्धतीच्या भागात मागे पडतात, कारण एमएला हा भाग फारसा शिकवला जात नाही. नमुना निवड, गृहीतक, संदर्भलेखन, संशोधनातील नीतिमत्ता आणि प्राथमिक संख्याशास्त्र यांची उजळणी दोन महिने नेमाने करावी.

महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट ही राज्यस्तरीय अध्यापन पात्रता परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते आणि तिचे केंद्र गोव्यातही असते. मराठी माध्यमातून शिकलेल्यांना तिचा पहिला पेपर मराठीतून वाचता येतो, ही मोठी सोय आहे. पण सेटमुळे फेलोशिप मिळत नाही आणि अध्यापनासाठी ती त्या राज्यांपुरतीच चालते, हे लक्षात असू द्यावे.

4. मार्गदर्शक निवडताना घाई करू नका

या टप्प्याला मी सर्वाधिक महत्त्व देतो. पुढची तीन ते सहा वर्षे तुमचा दिवस कसा जाईल, हे विद्यापीठाच्या नावापेक्षा मार्गदर्शकाच्या कामाच्या पद्धतीवर अधिक अवलंबून असते.

जागा मुळातच मोजक्या असतात. प्राध्यापकाकडे एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाकडे 6 आणि साहाय्यक प्राध्यापकाकडे 4 याहून अधिक पीएचडीचे विद्यार्थी असू शकत नाहीत. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला असेल, तर त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून विद्यापीठाने जाहीर केलेली रिक्त जागांची यादी आली की आपल्या प्रश्नाशी जुळणाऱ्या मार्गदर्शकांची नावे काढावीत आणि त्यांचे अलीकडचे निदान तीन लेख वाचावेत. त्यानंतरच ईमेल लिहावा. ईमेलमध्ये एका परिच्छेदात आपला प्रश्न, एका परिच्छेदात त्यांच्या कोणत्या लेखाशी तो कसा जोडलेला आहे ते, आणि शेवटी आपली पात्रता असावी. एकच मजकूर दहा जणांना पाठवला, तर ते वाचताक्षणी कळते.

उत्तर आल्यावर प्रत्यक्ष भेट मागावी आणि भेटीत संकोच न करता विचारावे: सध्या तुमच्याकडे किती विद्यार्थी आहेत, त्यांपैकी किती जणांनी मुदतीत प्रबंध सादर केला, प्रकरणाचा मसुदा दिल्यावर साधारण किती दिवसांत प्रतिक्रिया मिळते, क्षेत्रकार्याचा किंवा रसायनांचा खर्च कोण करते, शोधनिबंधावर नावांचा क्रम कसा ठरतो. चांगला मार्गदर्शक या प्रश्नांनी दुखावला जात नाही. याहून खरी माहिती मात्र त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांकडून मिळते. त्यांच्याशी कॅन्टीनमध्ये चहा घेता घेता बोलावे. ‘सर फार मोठे आहेत’ एवढेच उत्तर मिळत असेल आणि पुढे शांतता पसरत असेल, तर थांबून विचार करावा.

गोवा लहान आहे, सगळे एकमेकांना ओळखतात. ओळखीच्या माणसाने सुचवले म्हणून एखाद्या मार्गदर्शकाकडे जाणे आणि नंतर नाही म्हणता न येणे, हा आपल्याकडचा विशेष धोका आहे. शिफारस ऐकावी, पण निर्णय त्यांचे लेख वाचून आणि त्यांच्या विद्यार्थ्यांशी बोलूनच घ्यावा.

5. पैशाची व्यवस्था

नेट-जेआरएफ मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये आणि त्यानंतर वरिष्ठ फेलोशिपचे 42,000 रुपये मिळतात. हे दर 1 जानेवारी 2023 पासूनचे आहेत. घरभाडे भत्ता वेगळा. जेआरएफसाठी वयोमर्यादा असते, त्यामुळे एमएनंतर काही वर्षे नोकरी करून मग परीक्षा देऊ पाहणाऱ्यांनी ती आधी तपासावी.

एमएस्सीला विद्यापीठात प्रथम आलेल्यांनी इन्स्पायर फेलोशिपचा अर्ज पाहावा. सामाजिक शास्त्रांसाठी भारतीय सामाजिक शास्त्र संशोधन परिषद, इतिहासासाठी भारतीय इतिहास संशोधन परिषद, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीयांसाठी केंद्राच्या राष्ट्रीय फेलोशिप, आणि एकुलत्या एक मुलीसाठी सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप अशा योजना आहेत. राज्य पातळीवर काय उपलब्ध आहे, याची चौकशी पर्वरीच्या उच्च शिक्षण संचालनालयात करावी. केंद्रीय विद्यापीठांत नेट नसलेल्यांनाही एक छोटी फेलोशिप मिळते. गोवा विद्यापीठ राज्य विद्यापीठ असल्यामुळे ती येथे गृहीत धरू नये. बाहेरच्या मित्रांकडून ऐकून अनेक जण नेमके तेच गृहीत धरतात.

विज्ञानात आणखी एक वाट आहे: प्रकल्पातील जेआरएफ. शास्त्रज्ञाला मिळालेल्या प्रकल्पातून तुमचे मानधन निघते आणि त्याच सामग्रीवर पीएचडी करता येते. वाट चांगली आहे, पण प्रकल्प संपला की मानधन संपते. रुजू होताना प्रकल्पाची किती वर्षे उरली आहेत आणि प्रकल्पाचे काम तुमच्या प्रबंधात वापरता येईल का, हे विचारावे.

शाळेत किंवा कार्यालयात नोकरी करणाऱ्यांना अर्धवेळ पीएचडी करता येते. त्यासाठी संस्थेचा ना हरकत दाखला लागतो आणि त्यात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: अर्धवेळ संशोधनाला परवानगी आहे, कामामुळे संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कार्यमुक्त केले जाईल. दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएचडी मान्य नाही. तशी जाहिरात कितीही आकर्षक असली तरी पैसे भरू नयेत.

6. आराखडा आणि मुलाखत

आराखडा दीड-दोन हजार शब्दांचा पुरतो. त्यात प्रश्न, आजवर झालेले काम, राहिलेली उणीव, पद्धत, सामग्री कुठे आणि कशी मिळणार, आणि वर्षनिहाय वेळापत्रक असावे. मुलाखतीत सर्वाधिक विचारले जाते ते ‘हे तीन वर्षांत होईल का?’ संपूर्ण गोव्याचा इतिहास किंवा सर्व नद्यांचा अभ्यास असे शीर्षक घेऊन गेलात, तर या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. एखादा तालुका, एखादे दशक, एखादी प्रजाती असा आवाका धरावा.

7. कागदपत्रे

- दहावीचे प्रमाणपत्र, पदवी आणि पदव्युत्तर गुणपत्रिका व प्रमाणपत्रे
- नेट, सेट किंवा गेटचे गुणपत्रक
- जातीचा दाखला आणि लागू असल्यास चालू मुदतीचा नॉन-क्रीमी लेअर दाखला
- दुसऱ्या विद्यापीठातून येत असल्यास स्थलांतर प्रमाणपत्र (सिंधुदुर्गातून येणाऱ्यांना हे लागतेच)
- नोकरी असल्यास ना हरकत दाखला
- आराखडा आणि छायाचित्रे

सर्व कागदांवरील नाव अक्षरशः एक आहे का, हे आधी पाहावे. जुन्या पद्धतीने लिहिलेले आडनाव, आडनावाऐवजी गावाचे नाव किंवा लग्नानंतर बदललेले नाव यांमुळे फेलोशिपचे पैसे खात्यात जमा होण्यास अडचण येते. नावातील दुरुस्तीला वेळ लागतो. अर्जाच्या आठवड्यात ती होत नाही.

8. नोंदणीनंतर

किमान 12 श्रेयांकांचे कोर्सवर्क पूर्ण करावे लागते, त्यात संशोधन आणि प्रकाशनाची नीतिमत्ता हा विषय सक्तीचा आहे आणि 55 टक्के गुण लागतात. मग दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते. किमान कालावधी 3 वर्षे, कमाल 6. पुनर्नोंदणी करून आणखी 2 वर्षे मिळू शकतात. महिलांना आणि 40 टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना याउपर 2 वर्षांची सवलत आहे, तसेच महिलांना प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा मिळते. ही रजा तुमचा हक्क आहे. ती मागताना ओशाळण्याचे कारण नाही.

प्रबंधातील मजकुराचे इतरांच्या लेखनाशी साम्य आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. 10 ते 40 टक्के असल्यास दुरुस्त करून सहा महिन्यांत पुन्हा सादर करावा लागतो, 40 ते 60 टक्के असल्यास एक वर्ष प्रबंध सादर करता येत नाही, आणि त्यावर गेल्यास नोंदणीच रद्द होते. पहिल्या टिपणापासून उद्धृत मजकूर अवतरणचिन्हांत आणि पृष्ठक्रमांकासह लिहिण्याची सवय लावली, तर शेवटी धावपळ होत नाही.

2022 च्या विनियमांनी प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापण्याची देशपातळीवरील सक्ती काढली आहे, परंतु संस्था स्वतःची अट ठेवू शकते. पैसे घेऊन आठवड्यात लेख छापणाऱ्या नियतकालिकांचे ईमेल तुम्हाला येतील. तिथे छापलेला लेख पुढे नोकरीच्या मुलाखतीत तुमच्या विरोधातच जातो.

9. विद्यापीठातील आणि महाविद्यालयातील पदे

1 जुलै 2023 पासून साहाय्यक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी नेट किंवा सेट ही किमान अर्हता ठरली आणि पीएचडी ऐच्छिक झाली. सहयोगी प्राध्यापकपदासाठी पीएचडी, 8 वर्षांचा अनुभव आणि 7 प्रकाशने लागतात. प्राध्यापकपदासाठी 10 वर्षे आणि 10 प्रकाशने. प्रत्यक्षात गोव्यातील बहुतेक तरुणांची सुरुवात ‘लेक्चर बेसिस’ (तासिकेनुसार मानधन) किंवा कंत्राटी अध्यापनाने होते. हे काम स्वीकारताना पगाराबरोबर आठवड्याच्या तासिका मोजाव्यात. तासिका भरगच्च असतील, तर प्रबंध मागे पडतो. विज्ञानातील पीएचडीधारकांसाठी संशोधन सहयोगी हे पद आहे. त्याचे मानधन पहिल्या स्तरावर दरमहा 58,000 रुपये आहे.

सरकारी महाविद्यालयांतील नियमित पदे गोवा लोकसेवा आयोग भरतो. तिथे मामलेदाराकडून मिळणारा पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो, आणि जाहिरातीत कोकणीचे ज्ञान आवश्यक तर मराठीचे ज्ञान इष्ट असे म्हटलेले असते. घरात मराठी बोलणाऱ्या आणि मराठीतून शिकलेल्या उमेदवारांनी कोकणी बोलण्याबरोबर देवनागरीत वाचण्या-लिहिण्याचाही सराव ठेवावा. अनुदानित महाविद्यालये स्वतःच्या जाहिराती वर्तमानपत्रांत देतात, त्यामुळे एप्रिलपासून जूनपर्यंत स्थानिक वृत्तपत्रांची जाहिरातपाने रोज पाहावीत.

मौखिक परीक्षा झाल्यावर पदवीदान समारंभाची वाट न पाहता तात्पुरते प्रमाणपत्र मागून घ्यावे. पदवी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांनुसार दिली आहे, असा उल्लेख त्यात असायला हवा, आणि प्रमाणपत्र हातात पडताच तो आहे की नाही हे तिथेच खिडकीवर वाचून पाहावे. निवड समिती नेमके तेच वाक्य शोधते, आणि ते नसल्यास दुसरे प्रमाणपत्र मिळेपर्यंत अर्जाची मुदत निघून जाते.